लोट्याच्या टाकीचा गजर

धोंडू सकपाळ पूर्वी दर अर्ध्या तासाने लोखंडी शिडी चढून टाकीवरचा तापमानाचा काटा बघत. साबेरा परकारने त्यांचं ते चढणं बंद केलं, त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

टाकी चिपळूणजवळ लोटे गावी एका रसायन कंपनीच्या कारखान्यात होती. रंगाच्या कंपन्यांना लागणारं एक रसायन तिच्यात साठवलेलं असे. ते वीस अंशांच्या खाली ठेवावं लागे. चाळीसच्या वर गेलं की ते आपलं आपणच तापायला लागतं, मग बाहेरून कितीही पाणी मारा, उपयोग होत नाही. टाकी फुटते. कुंपणाला लागून कँटीन होती आणि कुंपणाच्या पलीकडे वीस-पंचवीस घरांची वाडी.

साबेरा कंपनीच्या चिपळूणच्या ऑफिसात बसायची. ती जवळच्याच कालुस्त्याची. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. सहा चिपळूणला, दोन रत्नागिरीला, दोन लोट्याला. त्यांच्यातलं बोलणं ऑफिसच्या गच्चीवरच्या डिशमधून, उपग्रहामार्फत चाले. एसएसएच नावाची एक सोय होती. आपल्या खुर्चीत बसून एक ओळ लिहायची, की ती दुसऱ्या गावच्या यंत्रावर जाऊन अमलात यायची. साबेराने त्यावर एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. त्याला यंत्रांची यादी द्यायची आणि एक हुकूम द्यायचा. तो यादीतल्या प्रत्येक यंत्राकडे जाऊन तोच हुकूम देत सुटे. याद्या दोन होत्या. एकीचं नाव ‘चिपळूण’, दुसरीचं ‘सगळे’. हुकूम जिथून सुटे ते तिचं स्वतःचं यंत्र दोन्हींत नव्हतं.

लोट्याच्या दोन यंत्रांपैकी एक भांडारात होतं, मालाच्या नोंदींसाठी. दुसरं तिने स्वतः बसवलेलं. टाकीवरच्या तापमापकाची वायर त्याला जोडली होती. तापमान पंचविसावर गेलं की ते ऑपरेटरांच्या खोलीतली घंटा वाजवी. रसायनाच्या वाफेपासून जपायचं म्हणून यंत्र मागच्या खोलीत कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. ऑपरेटरांसमोर होती ती फक्त घंटा.

ती बसवली त्या दिवशी धोंडूंनी विचारलं होतं, “ह्यो तुमचा डबा बंद पडला, तर मना कसा कळायचा?”

“नाही पडणार, काका. लाईट गेली तरी बॅटरीवर चालतं.”

“मंग बरा. गुडघं पार गेलं माझं त्या शिडीनं.”

त्यानंतर काटा फक्त पाळी बदलताना बघितला जाई. सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री अकराला. बाकी वेळ घंटा वाजत नाही म्हणजे सगळं ठीक.

दोन हजार पाच सालच्या जुलैत वाशिष्ठीला पूर आला, त्या दिवशी साबेरा सकाळी साडेनऊला ऑफिसात पोचली तेव्हा रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. चिपळूणला घोटाभर पाण्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. त्या दिवशी येऊ शकले ते दोघंच. ती आणि ऑफिसचे मॅनेजर चिंतामणी लिमये. लिमये निवृत्तीला आलेले, अंगाने बारीक, छत्री कोपऱ्यात ठेवण्याआधी ती तीनदा झटकणारे.

साडेदहाला लाईट गेली. फोन त्याआधीच मुके झाले होते. मोबाईलवर एकही रेघ नव्हती. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या भांड्यांच्या दुकानाची पायरी दिसेनाशी झाली होती, आणि पाण्याचा रंग लाल झाला होता.

“हे घोट्याचं नाही राहिलं आता,” लिमये म्हणाले. “साबेरा, फायली वर टाकू या. तू तुझे कॉम्प्युटर बंद कर. पाणी जिन्यात आलंय.”

कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होते. सहाच्या सहा चालू ठेवले तर बॅटरी आणखी वीस मिनिटं पुरली असती. ते नीट बंद करून, वायरी काढून, टेबलांवर चढवायचे होते. साबेरा आपल्या जागेवर बसली. आदल्या दिवशी तिने सगळ्या यंत्रांची घड्याळं बरोबर आहेत का ते पाहिलं होतं. तीच ओळ तिने वरचा बाण दाबून परत आणली, शेवटचा शब्द खोडला, त्या जागी शटडाउनचा हुकूम लिहिला आणि एंटर दाबलं.

पडद्यावर एकेक नाव सरकू लागलं. चिपळूण-एक. चिपळूण-दोन. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पंखा थांबल्याचा आवाज आला. तिने उठून त्याची वायर काढायला हात घातला. चिपळूण-सहा. तिला वाटलं, झालं. तिने सहज पडद्याकडे पाहिलं, तर त्यावर लिहिलं होतं, रत्नागिरी-एक.

क्षणभर तिला ते वाचता येईना. अक्षरं दिसत होती, पण ती तिथे का आहेत हे कळत नव्हतं. रत्नागिरी-दोन. मग तिला उमगलं, की कालची ओळ ‘सगळे’ यादीची होती. ती टेबलावरून वाकली आणि प्रोग्राम तोडण्याच्या दोन कळा तिने एकदम दाबल्या. पडदा थांबला. शेवटची ओळ होती, लोटे-गजर.

तिने पुन्हा लोटे-गजरला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. बंद झालेल्या यंत्राला दुरून काही ऐकू जात नाही. त्याचं बटण माणसानेच दाबावं लागतं.

“सर,” ती म्हणाली.

लिमये खुर्चीवर उभे राहून कपाटावर फायली ठेवत होते. “काय गं?”

“लोट्याचा गजर मी बंद केला.”

“म्हणजे काय?”

“टाकीचा. चुकून. चुकीची यादी दिली मी.”

लिमये खुर्चीवरून उतरले. “मग चालू कर परत.”

“इथून नाही होत.”

त्यांनी फोन उचलला, कानाला लावला, खाली ठेवला. मोबाईल काढून खिडकीपाशी नेला आणि तसाच खिशात टाकला. “काटा बघतात की ते,” ते म्हणाले. “धोंडू आहे आज. जुना माणूस.”

“तीन वाजता बघतील. आता अकरा वाजून दहा.”

“तोवर काय होतंय? थंडच असते टाकी.”

लोट्याच्या तापमानाची एक प्रत दर पाव तासाला चिपळूणला येऊन पडे. ती साबेराच्याच यंत्रावर असे. तिने ती उघडली. सकाळी सातला अठरा अंश होते. सव्वादहापर्यंत अठराच. साडेदहाला साडेएकोणीस. पावणेअकराला एकवीस. अकराला साडेबावीस.

टाकी थंड ठेवणारं मशीन बंद पडलं होतं. लोट्याला लाईट झटका देऊन गेली की ते बंद पडे आणि हाताने सुरू करावं लागे. जूनमध्ये अकरा वेळा तसं झालेलं तिने नोंदीत पाहिलं होतं. दर वेळी घंटा वाजली होती आणि कुणीतरी जाऊन ते सुरू केलं होतं. तिने कागद ओढला. पाव तासाला दीड, म्हणजे तासाला सहा. तीन वाजेपर्यंत चोवीस. साडेबावीस आणि चोवीस. तिने बेरीज केली आणि आकडा लिहिलाच नाही. पेन तसंच कागदावर टेकून राहिलं.

लोट्याला आत्ता घंटा वाजत नव्हती. धोंडूकाका घंटेखाली बसून चहा घेत असतील. बाहेर पाऊस आहे म्हणून कँटीनमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं असतील. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं.

“मी जातो,” लिमये म्हणाले. “परशुरामचा घाट चढला की लोटे.”

“सर, खाली बघा.”

ते जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. पाणी सातव्या पायरीवर होतं, आणि त्यावरून एक गॅस सिलिंडर हळूहळू फिरत चालला होता.

साबेराने यादी उघडली. दहा नावं. तिने प्रोग्राम तोडला तेव्हा शेवटचं एक नाव राहिलं होतं. लोटे-भांडार. तिने त्याला हाक दिली. पडद्यावर उत्तर उमटलं.

भांडारात तुळसा घाग बसायच्या. चाळिशीच्या, अलोऱ्याहून कंपनीच्या बसने येणाऱ्या. कॉम्प्युटरवर त्यांना मालाच्या नोंदी तेवढ्या करता येत. साबेराने तिथल्या यंत्राला विचारलं, आत्ता कोण बसलंय. उत्तर आलं, तुळसा, सकाळी नऊ पाचपासून. पुढच्या रकान्यात शेवटची कळ दाबून किती वेळ झाला ते होतं. बेचाळीस मिनिटं.

तुळसाताई टेबलाजवळ नव्हत्या.

तरी तिने लिहिलं. इंग्रजी अक्षरांत, मराठीत. ‘तुळसाताई, मी साबेरा चिपळूणहून. टाकीचा गजर बंद पडलाय. टाकी तापतेय. वाचलंत तर एंटर दाबा.’ तो मजकूर त्या पडद्यावर उमटवण्याचा हुकूम तिने दिला. मग बेचाळीसचा आकडा बघत बसली. त्रेचाळीस झाला.

“वाचलंन का?” लिमयांनी मागून विचारलं.

“टेबलाजवळ कुणी नाही.”

“हाक मारता येत नाही का काही? आवाज?”

तिने मान वर केली. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक बोटाएवढा भोंगा असतो. चुकीची कळ दाबली की टुक करतो तो. त्याला दुरूनही वाजवता येतं. तिने एक ओळ लिहिली, की एक-एक सेकंद थांबून तो वाजत राहावा, पाचशे वेळा. एंटर दाबण्याआधी तिने ती ओळ वाचली. यंत्राचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. बोट कळीवर होतं आणि दाबवत नव्हतं. हेही चुकलं तर उरलेलं एकमेव यंत्रही जाईल, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिथून हलेना.

“बरोबर आहे,” लिमये म्हणाले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. “दाब.”

तिने दाबलं.

चव्वेचाळीस. पंचेचाळीस. खालून काहीतरी इमारतीला धडकल्याचा आवाज आला, मग काचा फुटल्याचा. पाणी दारातून आत आलं. आधी फरशीच्या सांध्यांतून, मग सरळ. लिमयांनी बॅटरीचं खोकं उचलायचा प्रयत्न केला. ते हललं नाही. दोघांनी मिळून ते कसंबसं लाकडी स्टुलावर चढवलं. त्यात साबेराचा अंगठा चेचला. ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. बॅटरीवर आता तिचं एकटीचं यंत्र आणि गच्चीवरची डिश एवढंच चालू होतं. अर्धा तास, फार तर पाऊण.

सत्तेचाळीस. अट्ठेचाळीस.

“वर जायला हवं, साबेरा.”

“तुम्ही व्हा पुढे, सर.”

“नाही होत मी पुढे,” लिमये म्हणाले आणि तिच्या शेजारच्या टेबलावर पाय वर घेऊन बसले.

तिने पुन्हा विचारलं. रकान्यात मिनिटं नव्हती. दोन सेकंद, असं होतं.

कुणीतरी कळ दाबली होती. साबेरा घाईघाईने लिहू लागली. पाऊस, पूर, माफी, सगळं लिहावंसं वाटत होतं. तिने ते खोडलं. ‘पळत धोंडूकाकांकडे जा. सांगा, घंटेवर भरवसा ठेवू नका. माझ्या चुकीने यंत्र बंद आहे. आत्ता वर चढून काटा बघा. थंड करायचं मशीन सुरू करा. कपाट उघडून माझ्या यंत्राचं बटण दाबा. कळलं तर पुन्हा एंटर.’

तीन सेकंद. चार. सहा. नऊ. तुळसाताईंना वाचायला वेळ लागत असेल. एकेक अक्षर बोटाने लावत असतील. अकरा.

एक सेकंद.

“वाचलं,” ती म्हणाली.

त्यानंतर आकडा वाढतच गेला. एक मिनिट, तीन मिनिटं, सात. याचा अर्थ तुळसाताई पळाल्या होत्या, किंवा दारात घाबरून उभ्या राहिल्या होत्या. साबेरा दर अर्ध्या मिनिटाने लोटे-गजरला हाक देत होती. उत्तर नाही. पाणी तिच्या पोटरीपर्यंत आलं. त्यात कागद तरंगत होते, आणि लिमयांची छत्री. बॅटरी मधूनमधून पीं करून इशारा देऊ लागली.

अकरा चाळीस. आत्ता सव्वीस-सत्तावीस झालं असेल. धोंडूकाका शिडीवर असतील. त्यांच्या गुडघ्यांची तिला आठवण झाली.

अकरा अठ्ठेचाळीसला लोटे-गजरने उत्तर दिलं. सुरू होऊन एक मिनिट झालं होतं. साबेराने तापमान विचारलं. पडद्यावर अठ्ठावीस उमटलं. तिने पुन्हा विचारलं. अठ्ठावीस आणि दोन दशांश.

वाढत होतं.

तिसऱ्यांदा विचारायला तिने बोट टेकलं आणि पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती.

ती तशीच बसून राहिली. लिमयांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि गच्चीवर नेलं. गच्चीवर शेजारच्या दोन बिऱ्हाडांची माणसं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभी होती. कुणी बिस्किटं वाटत होतं, कुणी खालच्या कुणाला तरी हाका मारत होतं. साबेरा उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. त्या बाजूला डोंगर, डोंगरापलीकडे लोटे. पावसात काहीच दिसत नव्हतं. गडगडाट झाला की ती गच्चीचा कठडा घट्ट धरी. ढगाचा आवाज आणि टाकीचा आवाज यांत फरक कसा करायचा, हे तिला कळत नव्हतं. लिमये एकदा म्हणाले, “हे आभाळच आहे.” नंतर त्यांनीही सांगायचं सोडलं.

अख्खा दिवस आणि रात्र ती तशीच होती. धूर दिसतो का, वास येतो का. मध्ये एकदा तिला वास आला, अगदी खरा. तिने शेजारच्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, रॉकेल आहे ते, आमचा डबा सांडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं. तिचे वडील गुडघाभर चिखलातून तिला शोधत आले. घरी सगळे सुखरूप होते. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली, पण घरी गेली नाही. “अब्बा, मला लोट्याला जायचंय,” एवढंच म्हणाली. त्यांनी कारण विचारलं नाही. आयुष्य जहाजांवर काढलेला माणूस. इंजिनरूममधून वर आलेल्या खलाशाचा चेहरा त्यांना कळत असावा. दोघं घाट चढून चालत गेले, वाटेत एका ट्रकने घेतलं.

टाकी उभी होती. वळणावरून ती दिसली तेव्हा साबेरा ट्रकमध्ये खाली बसली.

धोंडू सकपाळ कारखान्यात नव्हते. शिडीवरून उतरताना निसटून ते दहा फूट खाली आले होते. खुबा मोडला होता. काटा बघितला तेव्हा तो सत्तावीसवर होता. त्यांनी पडल्यापडल्या ओरडून दुसऱ्यांना मशीन सुरू करायला लावलं, टाकीवर पाण्याची नळी सोडायला लावली, आणि मग शुद्ध हरपली. तापमान एकतीसपर्यंत चढून उतरू लागलं होतं.

कारखान्यातले सगळे म्हणत होते, लाईटच्या झटक्याने यंत्र बंद पडलं. तुळसाताईंनी पडद्यावर काय वाचलं होतं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

“का नाही सांगितलंत?” साबेराने विचारलं.

“तुम्ही सांगाल म्हटलं,” तुळसाताई म्हणाल्या. “सांगायचं असेल तर.”

ती दवाखान्यात गेली. धोंडू पाय वजनाला टांगून झोपले होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यादी, कालची ओळ, वरचा बाण. त्यांनी ऐकून घेतलं.

“ह्या पायानं आता शिडी नाय होयाची,” ते म्हणाले.

“हो, काका.”

“माजी पोरगी नववीला हाय.” मग थोड्या वेळाने, “तुमी ऑफिसात सांगा. मी सांगितलं तर तुमाला काडून टाकतील.”

तिने सांगितलं. लिमयांनी तिच्या लेखी कबुलीवर स्वतःची सही घातली आणि खाली लिहिलं की चूक तिने तत्क्षणी मान्य केली होती. चौकशी झाली. तिची बढती थांबली, पण तिला काढून टाकलं नाही. यंत्र बंद करण्याचा अधिकार तिच्या प्रोग्राममधून काढून घेण्यात आला. तसं तिनेच सुचवलं होतं. काटा पुन्हा दर अर्ध्या तासाने माणसाने बघायचा ठरला, आणि घंटा दर दहा मिनिटांनी एक टोला देऊ लागली, नुसती मी आहे हे सांगायला. धोंडूंना खाली बसून करायचं काम मिळालं. ते लंगडत येत. साबेराशी बोलत, पण पूर्वीसारखं नाही.

दिवाळीनंतर एकदा ती लोट्याच्या कँटीनमध्ये तुळसाताईंबरोबर चहा घेत होती. खिडकीतून टाकी दिसत होती. साबेरा म्हणाली, “त्या भोंग्याचा आवाज तुम्हाला कुठवर ऐकू आला? गोदामापर्यंत?”

“छे. पत्र्यावर पाऊस केवढा होता,” तुळसाताई म्हणाल्या. “आम्ही सगळे मागच्या गोदामात पोती उचलत होतो. भांडारात परत यायचंच नव्हतं मला. जेवणाचा डबा राहिला होता टेबलावर, तो घ्यायला आले. तेव्हा टुक टुक ऐकलं.”

साबेराने कप खाली ठेवला. तुळसाताई बोलत राहिल्या, डब्यात काय होतं, ते मग कुणी खाल्लं. साबेराला पुढचं काही ऐकू आलं नाही. डबा टेबलावर राहिला नसता तर काटा तीनलाच बघितला गेला असता, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि तिची नजर खिडकीबाहेरच्या टाकीवरून हलत नव्हती.